वळिवडेचे पोलिश गाव आणि जामसाहेब



आपल्यापैकी अनेकांनी महाराष्ट्र एक्सप्रेसने कोल्हापूरचा प्रवास केला असेल. वर्ध्याला किंवा पुलगावला गाडीत बसायचे, एक रात्र गाडीत काढायची आणि दुसऱ्या दिवशी मिरज मागे पडली की सामानाची आवराआवर सुरू करायची. या आवराआवरीत रुकडीच्या पुढे वळिवडे नावाचे एक लहानसे स्टेशन मागे निघून जाते. त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

या स्टेशनाजवळ १९४३ ते १९४८ या काळात एक पूर्ण पोलिश गाव नांदत होते. सुमारे पाच हजार वस्ती. त्यात बहुसंख्य बायका आणि मुले. गावाला स्वतःच्या शाळा होत्या, दवाखाना होता, पोस्ट होते, नाटकासाठी जागा होती आणि मध्यभागी चर्च होते. रविवारी सकाळी पंचगंगेच्या खोऱ्यात पोलिश भाषेतील भक्तिगीते ऐकू येत. हजारो मैलांवरच्या या माणसांचे गाव आपल्या महाराष्ट्राच्या मातीत कसे वसले, हे समजून घ्यायचे तर आधी एका माणसाचे चरित्र पाहावे लागते. तो माणूस महाराष्ट्राचा नव्हता, पोलंडचाही नव्हता आणि ख्रिस्तीही नव्हता. काठियावाडातील नवानगर संस्थानाचे महाराजा, जामसाहेब दिग्विजयसिंहजी हे त्यांचे नाव. आज त्यांची ओळख आपणांस करून द्यावी, असे आम्हांस वाटते.

क्रिकेटच्या घरातला राजपुत्र

दिग्विजयसिंहजींचा जन्म १८ सप्टेंबर १८९५ रोजी जाडेजा राजघराण्यात झाला. ज्यांच्या नावाने आजही रणजी करंडक खेळला जातो ते रणजितसिंहजी त्यांचे काका. रणजितसिंहजी अविवाहित होते. त्यांनी या पुतण्याला दत्तक घेतले आणि आपला वारस केले. म्हणजे पुढे हजार मुलांना आपले म्हणणारा हा माणूस स्वतःही दत्तक पुत्र होता, ही गोष्ट आपण लक्षात ठेवू या.

राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर इंग्लंडमध्ये त्यांचे शिक्षण झाले. १९१९ साली ते लष्करात अधिकारी म्हणून दाखल झाले आणि १९३१ पर्यंत त्यांनी सैनिकी जीवन अनुभवले. त्या काळात रणजितसिंहजी राष्ट्रसंघात भारताचे प्रतिनिधी म्हणून जिनिव्हाला जात असत. पोलंडचे जगप्रसिद्ध पियानोवादक आणि माजी पंतप्रधान इग्नात्सी पादेरेव्हस्की यांच्याशी या घराण्याचा परिचय स्वित्झर्लंडमध्येच झाला, असे सांगितले जाते. पोलंड हे नाव दिग्विजयसिंहजींना नकाशापुरते माहीत नव्हते. त्यामागे एक ओळखीचा चेहरा होता.

२ एप्रिल १९३३ रोजी रणजितसिंहजी वारले आणि दिग्विजयसिंहजी गादीवर आले. १९३५ साली सिरोहीच्या राजकन्या गुलाबकुंवरबा यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९३७-३८ मध्ये ते भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. याच सुमारास ते नरेंद्र मंडळाचे, म्हणजे देशातील संस्थानिकांच्या सभेचे, प्रमुख झाले. खेळ, लष्कर, दरबार आणि इंग्रज सरकारशी जवळचे संबंध असे त्यांचे जीवन होते. ते गांधीवादी नव्हते आणि साधेपणाने राहणारेही नव्हते. हे आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. चांगले काम फक्त संतांच्या हातूनच होते असे मानले, की आपण आपली सुटका करून घेतो. जामसाहेब त्यांच्या काळातले आणि त्यांच्या वर्गातले माणूस होते. तरीही एका प्रसंगी त्यांनी जे केले ते त्या वर्गातल्या पुष्कळांना सुचले नाही.

मुले कुठून आली?

आता आपण पोलंडकडे वळू या. १ सप्टेंबर १९३९ रोजी हिटलरच्या सैन्याने पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला. १७ सप्टेंबरला स्टालिनचे सैन्य पूर्वेकडून आत शिरले. देश दोन बाजूंनी गिळला गेला. १९४० च्या फेब्रुवारीत कडाक्याच्या थंडीत पूर्व पोलंडमधील कुटुंबांची उचलबांगडी सुरू झाली. शेतकरी, शिक्षक, वनखात्याचे कर्मचारी, सैनिकांच्या बायका आणि त्यांची लेकरे यांना मालगाडीच्या डब्यांत कोंबून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेण्यात आले. जंगलात लाकूड तोडायचे, सामूहिक शेतावर राबायचे आणि मोजून मिळालेल्या पावावर जगायचे. अनेक आयांनी आपल्या वाटचा तुकडा मुलांना दिला आणि त्या स्वतः गेल्या. मागे अनाथ मुले उरली.

जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच हल्ला केला आणि परिस्थिती पालटली. लंडनमध्ये आश्रय घेतलेल्या पोलिश सरकारचे प्रमुख जनरल सिकोर्स्की यांनी जुलैमध्ये रशियाशी करार केला. हद्दपार केलेल्या पोलिश माणसांना मोकळे करण्यात आले. ती माणसे दक्षिणेच्या उबेकडे, उझबेकिस्तान आणि तुर्कमेनिस्तानकडे निघाली. तिथे पोलिश फौज उभी राहत होती. पण तिथेही भूक होती आणि टायफसची साथ होती. अनाथाश्रमांत मुले रोज मरत होती. त्यांना तिथून बाहेर काढणे हा एकच उपाय होता. प्रश्न असा, की त्यांना घेणार कोण?

मोठमोठी राष्ट्रे त्या वेळी युद्धात गुंतली होती. निर्वासित मुले म्हणजे धान्य, जागा, डॉक्टर आणि खर्च. प्रत्येक कचेरीतून सहानुभूती मिळत होती आणि प्रत्येक कचेरीला पुढची कचेरी दिसत होती. हा अनुभव रेशनकार्डासाठी किंवा जातीच्या दाखल्यासाठी हेलपाटे घातलेल्या आपल्या लोकांना वेगळा समजावून सांगायला नको.

बालाचडीचे दार

अशा वेळी जामसाहेबांनी मुलांना आपल्या संस्थानात जागा देण्याची तयारी दाखवली. जामनगरपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर, कच्छच्या आखाताच्या काठी, बालाचडी येथे त्यांचा उन्हाळी राजवाडा होता. त्याच्याजवळच्या टेकाडावर मुलांसाठी बराकी बांधायचे ठरले.

मुंबईतील पोलिश वकिलातीने पुढाकार घेतला. वकील युजेनियुश बानाशिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा यांनी मदतीचे सामान गोळा केले. ट्रकांचा तांडा क्वेट्टा, झाहेदान आणि मशहदमार्गे अश्गाबादपर्यंत गेला. जाताना ट्रकांत औषधे, कपडे आणि ब्लँकेटे होती, येताना मुले होती. डोंगर आणि वाळवंट ओलांडून १९४२ च्या एप्रिलमध्ये पहिली तुकडी भारतात पोहोचली. या तुकडीबरोबर पोलंडची लोकप्रिय गायिका हांका ओर्दोनुव्हना हीदेखील होती. हद्दपारीत तिची स्वतःची प्रकृती ढासळली होती, तरी तिने वाटेत मुलांची काळजी घेतली. बालाचडीच्या बराकी पूर्ण व्हायच्या होत्या, म्हणून या मुलांना काही आठवडे मुंबईत वांद्रे येथे ठेवण्यात आले. त्या मुलांनी नारळाची झाडे आणि समुद्र प्रथम पाहिला तो आपल्या वांद्र्याला.

जुलै १९४२ मध्ये मुले बालाचडीला पोहोचली. त्याच महिन्यात, १४ जुलैला, आपल्या वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी भारत सोडावा असा ठराव केला. पुढे त्याचेच छोडो भारत आंदोलन झाले. त्याच सुमारास जामसाहेबांची नेमणूक ब्रिटिश साम्राज्याच्या युद्धमंडळावर झाली होती. सेवाग्राम आणि जामनगर ही त्या वेळी राजकारणाची दोन टोके होती. एकीकडे परकीयांना निरोप देण्याची तयारी चालली होती, दुसरीकडे परक्या मुलांचे स्वागत होत होते. या दोहोंत विरोध आहे असे आम्हांस वाटत नाही. सत्ता गाजवणारा परका आणि आसरा मागणारा परका यांतला फरक भारतीय माणसाला तेव्हा नीट कळत होता.

मुले आली तेव्हा ती कशी होती, हे त्यांच्यापैकी अनेकांनी म्हातारपणी सांगून ठेवले आहे. डोकी भादरलेली, पोटे फुगलेली, हातपाय काड्यांसारखे. काहींनी उशीखाली पाव लपवून ठेवायची सवय कित्येक महिने सोडली नाही. उद्या मिळेल यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. अशा मुलांसमोर उभे राहून जामसाहेबांनी त्यांना सांगितले, की आजपासून तुम्ही अनाथ नाही. तुम्ही नवानगरचे आहात आणि मी सर्व नवानगरवासीयांचा बापू आहे, म्हणून तुमचाही आहे. मुलांना गुजराती येत नव्हते. पण बापू हा शब्द त्यांनी उचलला आणि मरेपर्यंत वापरला.

एका हिंदू राजाची छावणी आणि एक कॅथलिक धर्मगुरू

बालाचडीच्या छावणीचे प्रमुख म्हणून फादर फ्रान्सिशेक प्लुटा या पोलिश धर्मगुरूंची नेमणूक झाली. ते शिस्तीचे कडक होते, असे मुलांच्या आठवणींवरून दिसते. छावणीत उपासनेची सोय होती, शाळा होती, स्काऊटची पथके होती. पोलंडचा पांढरा-लाल झेंडा फडकत होता. मुलांना त्यांच्याच भाषेत शिकवले जाई. इतिहास त्यांच्याच देशाचा शिकवला जाई. नाताळ आणि ईस्टर त्यांच्या पद्धतीने साजरे होत. मुलांनी नाटक बसवले की जामसाहेब पहिल्या रांगेत येऊन बसत. त्यांना पोलिश समजत नसे, तरी ते शेवटपर्यंत बसून राहत.

जेवणाची एक गोष्ट सांगतात. तिखटाची सवय नसलेल्या मुलांना इथला स्वयंपाक जाईना. तेव्हा जामसाहेबांनी गोव्याचे स्वयंपाकी आणवले. पुढे पालकाची भाजी वारंवार ताटात येऊ लागली आणि मुलांनी जेवणावर बहिष्कार टाकला. बातमी राजवाड्यावर गेली. बापूंनी मुलांची बाजू घेतली आणि पालक बंद करायला सांगितले. गोष्ट लहान आहे. पण ज्या मुलांनी दोन वर्षे कचऱ्यातली सालपटे वेचून खाल्ली होती ती आता एखादी भाजी नको म्हणू शकत होती. आपल्या घरात मूल नावडती भाजी बाजूला सारते तेव्हा ते घरच्या माणसासारखे वागत असते. आश्रिताला ती हिंमत होत नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना आम्हांस जर्मन तत्त्ववेत्ता कांट अभ्यासावा लागला. १७९५ साली त्याने कायमच्या शांततेविषयी एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात त्याने असा विचार मांडला, की परदेशातून आलेल्या माणसाला शत्रू समजून वागवले जाऊ नये हा त्याचा हक्क आहे, ती कोणाची मेहेरबानी नव्हे. पण घरातला एक म्हणून सामावून घेतले जाणे, हा हक्क मात्र त्याला आपोआप मिळत नाही. त्यासाठी घरमालकाने आपणहून वेगळे औदार्य दाखवावे लागते. परीक्षेपुरते आम्ही हे पाठ केले होते. बालाचडीची हकीकत वाचली तेव्हा ते समजले. जामसाहेबांनी कांट जिथे थांबला त्याच्या पुढचे पाऊल टाकले. त्यांनी मुलांना घरातले केले आणि तरीही त्यांना बदलायला सांगितले नाही. त्यांनी मुलांची नावे बदलली नाहीत, भाषा बदलली नाही, धर्मही बदलला नाही. ही मुले एक दिवस आपल्या देशात परत जातील, तेव्हा ती पोलिशच राहिली पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता.

हे करणारा माणूस आपल्या धर्माविषयी उदासीन होता, असेही नाही. स्वातंत्र्यानंतर सोमनाथ मंदिराची पुन्हा उभारणी झाली. त्या कामात सरदार पटेलांबरोबर पुढे असणाऱ्यांमध्ये जामसाहेब होते. सोमनाथाला विटा देणारे आणि कॅथलिक मुलांच्या उपासनेला जागा देणारे हात एकाच माणसाचे होते. स्वतःची श्रद्धा पक्की असली की दुसऱ्याच्या श्रद्धेची भीती वाटत नाही, एवढे यातून आपणांस घेता येईल.

वळिवडे : कोल्हापूरजवळचे पोलंड

जामसाहेब एकट्यापुरते थांबले नाहीत. नरेंद्र मंडळाचे प्रमुख या नात्याने त्यांनी इतर संस्थानिकांनाही मदतीचे आवाहन केले. अनेक संस्थानांनी आणि टाटांसारख्या उद्योगपतींनी मुलांच्या खर्चाचा वाटा उचलला. भारतात पोलिश निर्वासितांना ठेवता येते, त्यांना इथली हवा मानवते आणि लोक त्यांना त्रास देत नाहीत, हे बालाचडीने दाखवून दिले.

दरम्यान १९४२ मध्येच एक लाखाहून अधिक पोलिश सैनिक आणि नागरिक रशियातून कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात आले होते. सैनिक पुढे लढाईवर गेले. मागे राहिलेल्या कुटुंबांसाठी जगभर जागा शोधणे सुरू झाले. आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड येथे वसाहती झाल्या. भारतातली सर्वांत मोठी वसाहत कोल्हापूर संस्थानात वळिवडे येथे १९४३ मध्ये उभी राहिली. त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर अल्पवयीन महाराज होते. खर्च लंडनमधील पोलिश सरकारचा होता, जागा कोल्हापूरची होती. इराणातून जहाजाने कराचीला आणि तिथून रेल्वेने ही कुटुंबे वळिवड्याला उतरली.

बालाचडी हा मुलांचा आश्रम होता, वळिवडे हे खरेखुरे गाव होते. कौलारू लांब बराकी, प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र खोल्या, पुढे लहानशी पडवी. बायकांनी पडवीपुढे फुलझाडे लावली. प्राथमिक शाळेपासून कॉलेजपूर्व वर्गांपर्यंत शिक्षणाची सोय झाली. शिवणकाम आणि हस्तव्यवसायाचे वर्ग निघाले. सहकारी दुकान निघाले, दवाखाना निघाला. मुले स्काऊटच्या छावण्यांना जात आणि सुट्टीत पन्हाळा पाहून येत. ज्यांची छाती अशक्त होती त्यांना हवापालटासाठी पाचगणीला पाठवत. कोल्हापूरचे दूधवाले, भाजीवाल्या आणि टांगेवाले यांनी कामापुरते पोलिश शब्द शिकून घेतले आणि पोलिश बायकांनी भाव करण्यापुरते मराठी.

या गावाचे दुःखही होते. बहुतेक पुरुष आघाडीवर होते. पोस्टमन आला की पत्राची वाट पाहणाऱ्या बायका एकमेकींकडे बघत नसत. १९४४ मध्ये इटलीत मोंते कास्सिनोच्या लढाईत पोलिश सैन्याने मोठा विजय मिळवला, त्यात कोणाचे वडील आणि कोणाचे भाऊ पडले. वळिवड्यात काही माणसे आजाराने वारली, त्यांच्या कबरी कोल्हापूरच्या ख्रिस्ती स्मशानभूमीत आहेत.

युद्ध संपले, घर मिळाले नाही

युद्ध जिंकल्यावर ही माणसे घरी जातील असे सर्वांना वाटले होते. पण फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे मोठ्या राष्ट्रांनी पोलंडच्या पूर्वेचा भाग रशियाकडेच राहील असे ठरवले. म्हणजे यांपैकी बहुतेकांची गावे आता पोलंडमध्येच नव्हती. उरलेल्या पोलंडवर कम्युनिस्टांची सत्ता आली. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. वळिवड्याचे पाच हजार लोक एका रात्रीत बिनसरकारचे झाले.

बालाचडीच्या अनाथ मुलांना ताब्यात द्यावे अशी मागणी पोलंडच्या नव्या सत्तेकडून होऊ लागली. पुन्हा त्याच राजवटीच्या हाती मुले द्यायची, हे जामसाहेबांना आणि फादर प्लुटांना पटेना. तेव्हा जामसाहेब, फादर प्लुटा आणि छावणीशी संबंधित ब्रिटिश अधिकारी क्लार्क यांनी कायद्याने त्या मुलांचे पालकत्व स्वीकारले. चार वर्षांपूर्वी मुलांना जे तोंडाने सांगितले होते ते आता कागदावर आले. भाषणात बाप होणे सोपे असते, कोर्टाच्या कागदावर सही करताना माणसाची परीक्षा होते. स्वतः दत्तक गेलेला हा माणूस त्या परीक्षेला उतरला.

१९४६ मध्ये बालाचडीची छावणी बंद झाली आणि तिथली मुले वळिवड्याला आली. चार वर्षांत सुमारे एक हजार मुले बालाचडीत राहून गेली होती. निरोपाच्या वेळी जामसाहेब स्टेशनवर आले होते आणि मुलांइतकेच तेही रडले, असे सांगतात. वळिवडे १९४८ पर्यंत टिकले. मग एक एक करून कुटुंबे निघाली. कोणी इंग्लंडला, कोणी ऑस्ट्रेलियाला, कोणी अमेरिकेला, तर काही धीर करून पोलंडला. काही मोजक्या पोलिश मुलींनी इथेच लग्ने केली आणि त्या इथल्या झाल्या.

बराकी मात्र फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीत घरदार सोडून आलेल्या सिंधी कुटुंबांना त्याच बराकी देण्यात आल्या. त्या वस्तीला गांधीनगर नाव पडले. काही वर्षांपूर्वी आम्ही कोल्हापूरला गेलो असता मुद्दाम तिथे उतरलो. कापडाचा तो मोठा घाऊक बाजार, गाठी वाहणारे हमाल, टेम्पोंची गर्दी. एका निर्वासिताने सोडलेल्या खोलीत दुसऱ्या निर्वासिताने दिवा लावला आणि त्यातून हा बाजार उभा राहिला. एका दुकानाच्या मागे जुन्या बराकीची भिंत अजून दिसते का म्हणून आम्ही डोकावत होतो, तेव्हा दुकानदाराने आत बोलावून चहा दिला. आम्ही कोण आणि काय शोधतो आहोत हे त्याने नंतर विचारले.

जामसाहेबांची शेवटची वर्षे

१९४७ मध्ये जामसाहेबांनी आपले संस्थान भारतात विलीन केले. १९४८ मध्ये सौराष्ट्र राज्य झाले, तेव्हा ते त्याचे राजप्रमुख झाले. संयुक्त राष्ट्रसंघात भारताच्या शिष्टमंडळातही त्यांनी काम केले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी सौराष्ट्र आणि विदर्भ दोन्ही मुंबई राज्यात आले. त्यामुळे १ मे १९६० पर्यंत जामनगर आणि वर्धा एकाच राज्यात होते, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. बालाचडीच्या त्या टेकाडावर पुढे सैनिक शाळा आली. ३ फेब्रुवारी १९६६ रोजी जामसाहेबांचे निधन झाले.

या उपकाराची फेड कशी करू, असे जनरल सिकोर्स्कींनी त्यांना विचारले होते, असे सांगतात. पैसे नकोत, पोलंड स्वतंत्र झाल्यावर वॉर्सातील एखाद्या रस्त्याला माझे नाव द्या, असे जामसाहेब म्हणाले. सिकोर्स्की १९४३ मध्ये विमान अपघातात गेले. पोलंड स्वतंत्र व्हायला १९८९ उजाडले. तोवर जामसाहेबांना जाऊन तेवीस वर्षे झाली होती. पण मुले विसरली नव्हती. त्यांच्या आग्रहाने वॉर्सातील एका शाळेला जामसाहेबांचे नाव मिळाले आणि २०१२ मध्ये तिथल्या एका चौकाला भल्या महाराजाचा चौक असे नाव देण्यात आले. पोलंड सरकारने त्यांना मरणोत्तर सन्मान दिला. २०१९ च्या सप्टेंबरात वळिवड्यात स्मृतिस्तंभाचे अनावरण झाले, तेव्हा लहानपणी तिथे राहिलेली ऐंशी-नव्वदीतली पोलिश माणसे काठ्या टेकत आली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी वॉर्सातील जामसाहेबांच्या आणि कोल्हापूरच्या, अशा दोन्ही स्मारकांना भेट दिली.

आपल्यासाठी

प्रिय बंधुभगिनींनो, पवित्र कुटुंबाला बाळ येशूला घेऊन रातोरात इजिप्तला पळावे लागले, ही कथा आपण दर नाताळात ऐकतो. त्या कथेत एक गोष्ट सांगितलेली नाही. इजिप्तमध्ये त्यांना घर कोणी दिले? त्या माणसाचे नाव शुभवर्तमानात नाही. तो यहुदी नसावा, त्याला मशीहा म्हणजे काय हेही माहीत नसावे. पण कोणीतरी दार उघडले असलेच पाहिजे. जामसाहेबांचा विचार करताना आम्हांस त्या अनाम माणसाची आठवण होते.

आपल्या चर्चमध्येही दर रविवारी मागच्या बाकांवर काही चेहरे दिसतात. कोणी झारखंडहून रस्त्याच्या कामावर आलेले, कोणी छत्तीसगडहून वीटभट्टीवर आलेले, कोणी सेवाग्रामला नर्सिंग शिकायला आलेल्या मुली. मिस्सा संपली की ते सर्वांआधी बाहेर पडतात, कारण त्यांच्याशी बोलायला कोणी थांबत नाही. आम्ही धर्मगुरू म्हणून किती वेळा थांबलो, हे आठवून पाहिले तर आम्हांस लाज वाटते. घोषणा, हिशेब, सभा यांच्या घाईत आम्हीही त्यांना हात जोडून पुढे जातो. त्यांच्या भाषेतले एक भक्तिगीत महिन्यातून एकदा आपल्या मिस्सेत म्हटले जावे, असे आजवर आम्हांस सुचले नव्हते. जामसाहेबांचे चरित्र वाचल्यावर सुचले. पुढच्या महिन्यापासून पहिल्या रविवारी ते गीत गायले जाईल आणि नंतर चर्चच्या आवारात सर्वांसाठी चहा असेल. ज्या घरांना जमेल त्यांनी त्या दिवशी यांपैकी एका कुटुंबाला जेवायला बोलवावे. भाजी त्यांना आवडली नाही आणि तसे त्यांनी मोकळेपणाने सांगितले, तर वाईट वाटून घेऊ नये.

आणि यापुढे महाराष्ट्र एक्सप्रेसने कोल्हापूरला जाल तेव्हा मिरजेनंतर सामान आवरता आवरता एकदा खिडकीबाहेर पाहा. वळिवडे हे स्टेशन येईल. त्या मातीत पुरलेल्या आणि तिथून जगभर गेलेल्या माणसांसाठी, आणि समुद्रकाठच्या त्या बापूसाठी, एक लहानशी प्रार्थना करा.

आपले धर्मगुरू